अजनी चौकाचा सिग्नल मी पाहिलाच नाही

संध्याकाळचे सव्वासात वाजले असतील. नागपूरच्या बर्डीवरून कारने घरी निघालो होतो. पट्टा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, फोन गाडीच्या स्पीकरवर. पलीकडे ताई. भाचीच्या लग्नाला कोणता हॉल घ्यायचा यावर बोलणं चाललं होतं. तिला मानेवाड्याकडचा एक पसंत होता, मला तिथल्या पार्किंगची धास्ती वाटत होती. भांडण नव्हतंच, नुसती आकडेमोड: किती माणसं, किती पानं, कोणाकोणाला सकाळीच बोलवायचं. मला छत्रपती चौकात वळायचं होतं आणि त्यासाठी अजनीच्या पुढे पुलाखालचा रस्ता धरावा लागतो. मी सरळ डबल डेकर पुलावर चढलो, तीन किलोमीटरचा पूल पार केला आणि विमानतळाच्या अलीकडे उतरताना म्हणालो, "ताई, थांब जरा. मी कुठे आलोय?"

कोणाला धक्का लागला नाही. कोणी शिवीसुद्धा दिली नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर एक साधा प्रश्न डोक्यात येऊन बसला: अजनी चौकातला सिग्नल लाल होता की हिरवा? राहाटे कॉलनीचा चौक आठवतो, तिथे एक बुलेटवाला मधे घुसला होता. त्यानंतर थेट पुलाचा उतार. मधला अख्खा चौक, त्यातले ऑटो, रस्ता ओलांडणारी माणसं, सगळं कोरं. डोळे उघडे होते, समोरच होते. मी तिथून गेलो, एवढंच खरं.

गाडी चालवताना लक्ष नेमकं कुठे जातं, आणि मग गाडी कोणी चालवावी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मी तोवर समजत होतो. आता तसं वाटत नाही. का, ते सांगतो.

डोळे उघडे, खिडकी बंद

पोस्टातली एकच खिडकी उघडी आहे आणि तिच्यासमोर दोन रांगा लागल्यात, असं समजा. कारकून एकच. तो कधी या रांगेतला कागद घेतो, कधी त्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, वा, दोन्ही रांगा सरकतायत. पण दर वेळी रांग बदलताना त्याला आधीचा कागद बाजूला ठेवावा लागतो, नवा वाचावा लागतो, शिक्का शोधावा लागतो. तेवढ्या वेळात दोन्हीकडे काम बंद. 'मी एका वेळी दोन कामं करतो' असं म्हणणारा माणूस खरं तर भराभर रांगा बदलत असतो, आणि प्रत्येक बदलाची किंमत वेळेत मोजत असतो. स्वयंपाकघरात ती किंमत म्हणजे करपलेली फोडणी. रस्त्यावर ती मीटरमध्ये मोजावी लागते.

डोळ्यांपर्यंत आलेलं सगळंच मेंदूच्या खिडकीपर्यंत पोचत नाही. १९९९ मध्ये डॅनियल सायमन्स आणि क्रिस्तोफर शाब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. लोकांना बास्केटबॉल खेळणाऱ्यांचा व्हिडिओ दाखवून सांगितलं, पांढऱ्या कपड्यांतल्या खेळाडूंनी किती वेळा चेंडू दिला ते मोजा. मधेच गोरिलाचा वेश केलेली एक व्यक्ती खेळाडूंमध्ये येते, छाती बडवते आणि निघून जाते. जवळपास निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. डोळ्यांत दोष नव्हता, लक्ष मोजण्यात गुंतलं होतं. अजनी चौकात मी पानं मोजत होतो.

अपघातानंतर 'साहेब, तो अचानक समोर आला' असं बहुतेक जण म्हणतात. मला आता वाटतं की त्यातले बरेच जण खोटं बोलत नसावेत. तो अचानक आलेला नसतो, पण चालवणाऱ्याच्या मेंदूत मात्र तो अचानकच उगवतो.

विचलित होण्याचे तीन प्रकार सांगतात: डोळे हटणं, हात हटणं, मन हटणं. पहिले दोन पोलिसांना दिसतात, तिसरा कोणालाच दिसत नाही. डोळे आणि हात दोन्ही हटण्याचं अस्सल नागपुरी उदाहरण म्हणजे खर्रा, सुपारी-तंबाखूचं घोटून खायचं मिश्रण. परवाच एका ऑटोत मागे बसलो होतो. दादांनी वरच्या खिशातून पुडी काढली, रबर दातांनी सोडवलं, पन्नी डाव्या तळहातावर पसरली आणि उजव्या अंगठ्याने घोटायला घेतलं. हँडल दोन्ही मनगटांमध्ये. ऑटो चालूच. चिमूट तोंडात गेली, मग पुडी बंद करून खिशात, आणि पुढच्या वळणावर मान बाहेर काढून पिंक. या सगळ्यात फोनचा पत्ता नाही. म्हणून 'मोबाइलमुळे अपघात' एवढंच म्हटलं की हा ऑटो हिशेबातून सुटतो.

दुचाकीवाल्यांची तऱ्हा आणखी निराळी. मान खांद्याला टेकवून मधे फोन दाबलेला, हेल्मेटच्या आत खोचलेला, नाहीतर दुपट्ट्यात गुंडाळलेला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चेहरा बांधल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, हे मान्य. पण डोळ्यांच्या कडेपर्यंत ओढून बांधलेला दुपट्टा बाजूचं दिसणं कापतो आणि कानांवरचा जाड पदर मागच्या ट्रकचा आवाज खातो. त्यात फोनवरचं बोलणं मिळवलं की मग उरतं काय? २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

मेसेज वाचणं किंवा टाइप करणं यात डोळे, हात, मन तिन्ही एकदम जातात, म्हणून ते सगळ्यांत वाईट. इथे थोडा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. 'फक्त कोणाचा मेसेज आहे ते बघतो' याला दोन सेकंद पुरतात. तेवढ्यात २२ मीटर जातात. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावरची खेळपट्टी २० मीटरची. म्हणजे गोलंदाजाच्या टोकापासून फलंदाजाच्या मागच्या यष्ट्यांपलीकडे आपण डोळे मिटून गाडी नेली. आणि ताशी ४० हा आपल्या गल्लीबोळातला वेग झाला, रिंग रोडवरचा नव्हे.

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, तोही सावध माणसाचा. मग गाडी थांबायला अंतर लागतं ते वेगळं. कोरड्या रस्त्यावर बऱ्या टायरची कार ताशी ४० ला सगळं मिळून २५ मीटरच्या आसपास थांबते. ताशी ६० ला तेच अंतर ४५ मीटर होतं. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट. कारण दीड सेकंदातलं अंतर वेगाच्या प्रमाणात वाढतं, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. ताशी ६० ला लक्ष एक सेकंद उशिरा आलं तर आणखी १७ मीटर. शाळेसमोरचा झेब्रा क्रॉसिंग त्या १७ मीटरच्या आतच असतो.

पण माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते

हँड्स फ्री म्हणजे सुरक्षित, हा समज मीही बाळगून होतो. कॅनडातल्या टोरांटोमध्ये रेडेलमायर आणि तिब्शिरानी यांनी अपघात झालेल्या चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष छापले: फोनवर बोलताना टक्कर होण्याची शक्यता सुमारे चौपट. हातात फोन धरणाऱ्यांपेक्षा हँड्स फ्रीवाले सुरक्षित आहेत, असं त्यांना आढळलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते. हात मोकळे झाले तरी खिडकीवरचा कारकून तिकडेच असतो.

यावर हमखास विचारलं जातं: मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलायचंच नाही का? फरक आहे, आणि तो छान आहे. ताई माझ्या शेजारी बसली असती तर राहाटे कॉलनीला तो बुलेटवाला घुसला तेव्हा तीच 'अरे अरे' म्हणाली असती, आपोआप गप्प झाली असती आणि अजनीला 'पुलावर नको चढूस' असंही बजावलं असतं. शेजारचा माणूस तोच रस्ता बघत असतो, गर्दी आली की त्याचं बोलणं आपसूक मंदावतं. युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी सिम्युलेटरवर नेमकं हेच तपासलं: शेजाऱ्याशी गप्पा मारणारे चालक वळण सहसा चुकत नव्हते, फोनवर बोलणारे चुकत होते. फोनवरच्या माणसाला आपल्यासमोरचा ट्रक दिसत नाही. तो विचारत राहतो, 'ऐकू येतंय ना?' रेडिओचं तसं नाही. रेडिओ उत्तर मागत नाही.

सिग्नलला उभं असताना फोन बघायला काय हरकत आहे? पुष्कळांचा हा शेवटचा बालेकिल्ला. शंकरनगर चौकात लाल दिव्याला उभे राहा आणि आजूबाजूला बघा. नव्वद सेकंदांचा आकडा दिसला की माना खाली. हिरवा होतो, मागून हॉर्न, मान वर, गाडी पुढे. गाडी पुढे गेली, मन अजून मेसेजमध्ये. अमेरिकेतल्या 'ट्रिपल ए फाउंडेशन' या रस्ते सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये मोजलं, तेव्हा आवाजी आदेश देऊन फोन वा गाडीतली यंत्रणा वापरल्यानंतर, काम संपल्यावरसुद्धा, लक्ष पूर्ण ताळ्यावर यायला काही बाबतींत २७ सेकंदांपर्यंत वेळ लागत होता. हिरव्यानंतरच्या २७ सेकंदांत तुम्ही चौक ओलांडून पुढच्या वळणावर पोचलेले असता.

कायदा इथे काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं आहे. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०२० मध्ये नियमांत भर पडली की रस्ता बघण्यासाठी फोन वापरता येईल, तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे मॅप लावा, स्टँडवर अडकवा, निघण्याआधी पत्ता टाका. स्पीकरवर ताईशी लग्नाचा हॉल ठरवणं कायद्याच्या शब्दांत बसत नाही म्हणून ते सुटलं, इतकंच. चालान टळलं याचा अर्थ धोका टळला असा होत नाही.

झोप

मन हटण्याचा सर्वांत टोकाचा प्रकार म्हणजे झोप, आणि नागपूरकरांना तो डिसेंबर २०२२ पासून घरचा झाला. नागपूरजवळच्या शिवमडक्याहून शिर्डीपर्यंतचा समृद्धी महामार्ग तेव्हा खुला झाला. जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा उरलेला तुकडा सुरू होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. रस्ता सरळ, चौक नाही, सिग्नल नाही, गुरं नाहीत, कारला ताशी १२० ची मुभा. शहरात मेंदूला सतत टोचणारं काहीतरी असतं, इथे काहीच नाही. तासभर एकसारखा राखाडी पट्टा बघितल्यावर डोळे उघडे राहतात आणि आतला माणूस पेंगतो. याला रस्त्याचं संमोहन म्हणतात, आणि आपल्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेतल्या अभ्यासकांनीही समृद्धीवरच्या अपघातांचा विचार करताना त्याकडे बोट दाखवलं होतं.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे सूक्ष्म झोप. दोन-तीन सेकंदांची डुलकी, जी लागली हे स्वतःलाही कळत नाही. ताशी १२० ला तीन सेकंद म्हणजे १०० मीटर.

आपल्याकडचा नेहमीचा बेत आठवा. सकाळी पाचला उठायचं, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी बॅगा भरायच्या, जेवून रात्री दहाला 'रात्री रस्ता मोकळा असतो' म्हणत निघायचं. पाच ते दहा, सतरा तास झाले. सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं आहे. भारतात कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम. म्हणजे आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस शिवमडक्याला पोचतो तेव्हा, मोजायचंच झालं तर, मर्यादेच्या वर गेलेला असतो. त्याच्या तोंडाला वास येत नाही, इतकाच फरक. आणि पुढे पहाटे दोन ते पाच, शरीराची सर्वांत गाढ झोपेची वेळ, अजून यायची आहे.

काच खाली करणं, मोठ्याने गाणी लावणं, तोंडावर पाणी मारणं, यांचा असर काही मिनिटांपलीकडे टिकत नाही. चहा-कॉफीचा होतो, पण अंगी लागायला वीस-तीस मिनिटं घेतो. म्हणून जाणकार सांगतात की चहा प्या आणि लगेच सुरक्षित जागी गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं झोपा. उठेपर्यंत चहा कामाला लागलेला असतो. सर्दीची गोळी घेऊन तर निघूच नका. सर्दी-खाजेवरच्या अनेक गोळ्यांनी पेंग येते आणि पाकिटावर ते बारीक अक्षरांत छापलेलंही असतं.

यंत्राची मदत होते का? होते, थोडी. २०२१ मध्ये नागपुरात 'आयरास्ते' नावाचा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था वगैरे मंडळी त्यात होती. 'आपली बस' या शहर बससेवेच्या गाड्यांवर समोरचा रस्ता बघणारे कॅमेरे बसवले, जे पुढची गाडी किंवा पादचारी फार जवळ आला की चालकाला सावध करतात. मला त्यातला दुसरा भाग जास्त आवडला. कोणत्या ठिकाणी असे इशारे वारंवार वाजतात याची नोंद ठेवली की अपघात होण्याच्या आधीच ती जागा धोक्याची आहे हे कळतं. एरवी आपल्याकडे माणसं गेल्यावर ब्लॅक स्पॉटची पाटी लागते.

लायसन्स नेमकं काय मोजतं

आता दुसरा प्रश्न. गाडी चालवायला कोणाला द्यावी?

सरकारी उत्तर सरळ आहे: ज्याच्याकडे लायसन्स आहे त्याला. ते कसं मिळतं? आधी चिन्हं-नियमांची परीक्षा, ६० टक्के बरोबर आले की शिकाऊ परवाना, सहा महिन्यांचा. तीस दिवसांनंतर पक्की चाचणी. दुचाकीला आठचा आकडा पाय न टेकता काढायचा, कारला एच. हात-पाय, तोल, क्लच, गिअर, रिव्हर्स, एवढं यातून कळतं. मैदानात आठ काढताना समोरून गाय येत नाही, खिशात फोन थरथरत नाही, मागे पोरगं रडत नाही. लक्षाची परीक्षा त्या मैदानात होतच नाही.

आणि ती घेता येत नाही असं नाही. ब्रिटनमध्ये २००२ पासून चालक होऊ पाहणाऱ्यांना रस्त्याच्या चित्रफिती दाखवतात: धोका आकार घेतोय असं वाटलं की बटण दाबा. उभ्या बसच्या पुढून कोणीतरी निघेल, त्या चेंडूमागे मूल येईल. जितकं लवकर ओळखाल तितके गुण जास्त, आणि उगाच सारखं बटण बडवलं तर शून्य. आपल्याला असं काही आणायला खर्च किती लागेल? आठच्या मैदानापेक्षा नक्कीच कमी.

लायसन्स म्हणजे 'या माणसाला गाडी येते' असा दाखला. 'या माणसाला आज, आत्ता, या अवस्थेत गाडी जमेल' असं त्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते दर वेळी किल्ली फिरवण्याआधी कोणीतरी ठरवायचं असतं, आणि ते कोणीतरी बहुधा घरातलंच असतं. आमच्या घरात या वर्षी हे दोनदा ठरवावं लागलं.

पहिल्यांदा भाच्यासाठी. तो सोळाचा. ट्यूशन प्रतापनगरला, घर तिथून तीन किलोमीटर. "सगळेच तर आणतात नं, मामा." खरंच आणतात, संध्याकाळी क्लाससमोर उभ्या असलेल्या मोपेडची रांग बघा. कायदा मात्र असा: १८ शिवाय गाडी नाही. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची, पालकाच्या संमतीने. घरातली स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असते, ती यात बसत नाही. विजेची, २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ च्या वर न जाणारी हलकी गाडी कायद्याने मोटार वाहनच धरलेली नाही, तिला लायसन्स लागत नाही. पण 'इलेक्ट्रिक आहे' एवढ्यावर दुकानदाराचं ऐकू नका, आकडे कागदावर बघा.

अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९९-ए लागतं. पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 'आम्हाला माहीतच नव्हतं' हे पालकांनी सिद्ध करायचं. किल्ली फ्रिजवरच्या वाटीत सगळ्यांदेखत पडलेली असताना ते कसं सिद्ध करणार, देव जाणे.

भाचा गाडी वाईट चालवतो का? मुळीच नाही. त्याचा तोल माझ्यापेक्षा चांगला आहे, नजर तीक्ष्ण. अडचण तिथे नाही. मोह आवरणारा, 'आत्ता नको' म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. आणि मागे मित्र बसला की पोरं आणखी धोका पत्करतात, हे कितीतरी देशांत दिसून आलं आहे. म्हणून १९८७ मध्ये न्यूझीलंडने टप्प्याटप्प्याचं लायसन्स आणलं: आधी रात्री एकट्याने नाही, मित्रांना बसवून नाही, मग हळूहळू मोकळीक. आपल्याकडे काल 'एल'ची लाल पाटी, आज समृद्धी. ते मला पटत नाही. भाच्याला सायकल घेऊन दिली. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्यांदा बाबांसाठी. ते अवघड होतं.

बाबा ७६ चे. स्कूटर त्यांची जीव की प्राण. लायसन्स वैध आहे. पंचावन्नच्या पुढे ते दर पाच वर्षांनी नवं करावं लागतं, आणि चाळिशीनंतर फॉर्म १-ए वर डॉक्टरची सही लागते. तीही आहे. त्या फॉर्मात डोळ्यांबाबतचा एक प्रश्न असा आहे की चांगल्या उजेडात, दिवसा, २५ मीटरवरची नंबरप्लेट ओळखता येते का? बाबांना येते. फक्त समोरचं, स्थिर, दिवसाउजेडीचं.

पण मोतीबिंदू सुरू झाला की रात्री समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांत फुटतो, भोवती तेजाचं वलय धरतं आणि त्या वलयामागचा सायकलवाला नाहीसा होतो. काचबिंदूचं त्याहून चोरटं आहे. तो कडेची नजर खात खात आत येतो. मधलं अखेरपर्यंत स्वच्छ राहतं, त्यामुळे नंबरप्लेट वाचता येते आणि डावीकडच्या गल्लीतून येणारी मोपेड दिसत नाही. ते कळायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नजरेच्या परिघाची वेगळी तपासणी करावी लागते. आम्ही केली. पहिल्या अवस्थेतला काचबिंदू निघाला.

तपासणीला नेलं ते वयाकडे बघून नाही. स्कूटरच्या डाव्या बाजूला तीन महिन्यांत तीन ओरखडे आले होते. शिवाय धरमपेठेतून परत येताना ते ओळखीचं एक वळण चुकले, म्हणजे माझ्यासारखंच, फक्त फोन नसताना. ही दोन लक्षणं वयाच्या आकड्यापेक्षा जास्त बोलतात. ऐंशीतला चांगला चालवू शकतो आणि पन्नाशीतला मधुमेही, साखर एकदम खाली गेली तर, भर चौकात भान हरपू शकतो. फिट येणाऱ्यांचा प्रश्न त्याहून नाजूक. आपल्याकडच्या अर्जात मिरगीबद्दल थेट विचारलं जातं आणि 'हो' म्हटलं की दार बंद, म्हणून पुष्कळ जण 'नाही' लिहितात आणि डॉक्टरपासूनही गाडी लपवतात. ब्रिटनमध्ये वर्षभर फिट आली नाही तर कार चालवायची परवानगी मिळू शकते. सरसकट बंदीपेक्षा खरं बोलायला वाव देणारा नियम मला तरी जास्त सुरक्षित वाटतो. उलट बाजूने बघा: कर्णबधिर माणसाला लायसन्स नाकारणं आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत होतं, २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दार उघडलं. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणालाही २०२० पासून परवानगी आहे. कमतरता कोणती, त्यापेक्षा ती रस्त्यावर नेमकं काय बिघडवते, हा प्रश्न कामाचा.

कायद्यात कलम १६ आहे. आजारामुळे माणूस धोकादायक ठरतो असं वाटलं तर परवाना अधिकारी लायसन्स मागे घेऊ शकतो. पण त्याला कळणार कसं? स्वतःच्या बापाविरुद्ध अर्ज कोण करतो? जपानमध्ये पंच्याहत्तरीनंतर नूतनीकरणाआधी स्मृती-आकलनाची चाचणी सक्तीची आहे, तिथे निदान मुलाला वाईट व्हावं लागत नाही.

मला व्हावं लागलं. एका रविवारी पोह्यांवर विषय काढला. "बाबा, संध्याकाळनंतर तुम्ही गाडी नका काढू. मी सोडत जाईन."

"तुझ्या जन्माआधीपासून चालवतो आहे मी गाडी," ते म्हणाले आणि प्लेट सरकवून उठले. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर डॉक्टरांचा तो कागद ठेवला, ज्यावर नजरेचा परिघ काढलेला असतो आणि जिथे दिसत नाही तिथे काळा डाग असतो. डाव्या बाजूचा डाग त्यांनी बराच वेळ बोटाने चाचपला. मग म्हणाले, "सकाळचं अंबाझरीला जायचं तरी ठेवतोस का?" ठेवलं. सकाळी सहा ते आठ, उजेडात, रिकाम्या रस्त्याने, दर सहा महिन्यांनी तपासणी. बाकी वेळ मी.

"पण एक अट," बाबा म्हणाले. "त्या दिवशी पुलावर कसा चढलास ते ताईने सांगितलंय मला. माझी किल्ली घेतोस, तर तुझा फोन माझ्याकडे."

आता आम्ही कुठे निघालो की मी पट्टा लावायच्या आधी फोन त्यांच्या मांडीवर जातो. वाजला की तेच उचलतात. परवा अजनी चौकात लाल दिव्याला उभे होतो तेव्हा ताईचाच आला. बाबांनी चष्मा सरळ करून बटण शोधलं आणि म्हणाले, "तो गाडी चालवतो आहे. घरी पोचला की करेल." मग काचेतून समोर बघत राहिले, हिरवा झाल्यावर मला सांगायला.